प्रकाशवर्ण व भाजीपाल्याची रोपे

वनस्पतीवर पडणाऱ्या प्रकाशात निरनिराळ्या तरंगलांब्यांचे जे परस्पर प्रमाण असते, त्याला त्या प्रकाशाचा वर्ण म्हणतात. प्रकाशाची तीव्रता व त्याचा दैनिक कालावधी यांप्रमाणे त्याचा वर्णही वनस्पतीच्या वाढीवर स्वतंत्रपणे परिणाम करतो. खोडाची उंची, पानांचे क्षेत्रफळ व जाडी, मुळांचा विस्तार, त्वग्रंध्रांची (पानांवरील सूक्ष्म छिद्रांची) संख्या व उघडझाप आणि संरक्षक रंगद्रव्यांची निर्मिती या सर्व गोष्टी काही अंशी प्रकाशवर्णावर अवलंबून असतात. पाण्याचा ताण सोसण्याची रोपाची क्षमता याच गोष्टींवरून ठरत असल्यामुळे प्रकाशवर्ण आणि अवर्षण-सहनशीलता यांचा संबंध जवळचा आहे. मात्र तो सरळ नाही. ज्या वर्णामुळे रोप खुजे व टणक होते, त्याच वर्णामुळे त्याची त्वग्रंध्रे अधिक उघडतात व पाणी अधिक खर्च होते, असेही आढळते.

टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी, फुलकोबी, कांदा इ. भाज्यांची रोपे प्रथम वाफ्यात किंवा खाचांच्या तबकात (ट्रेमध्ये) वाढवून नंतर शेतात लावतात. पुनर्लागणीच्या वेळी रोपाची काही मुळे तुटतात व उरलेली मुळे भोवतालच्या जमिनीशी लगेच एकजीव होत नाहीत. पानांतून होणारा बाष्पोच्छ्वास (पाण्याचे वाफेच्या रूपाने बाहेर पडणे) मात्र चालूच राहतो. त्यामुळे जमीन ओली असतानाही रोपाला काही दिवस अवर्षणसदृश स्थिती सोसावी लागते. लागणीनंतर तीन-चार दिवसांनी द्यावयाचे आंबवणीचे पाणी चुकले किंवा पावसाने उघडीप दिली, तर उंच व किडकिडीत रोपे आधी माना टाकतात. ठेंगणी, जाड खोडाची रोपे तग धरतात. हा फरक बियाण्याच्या जातीप्रमाणे रोपवाटिकेत मिळालेल्या प्रकाशामुळेही पडू शकतो.

वर्णपट व मापन : सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातील सु. ४०० ते ७०० नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = मीटरचा एकअब्जांश भाग) तरंगलांबीचा पट्टा प्रकाशसंश्लेषणास उपयोगी पडतो. त्यातील ४०० ते ५०० नॅनोमीटरचा भाग निळा, ५०० ते ६०० चा हिरवा (पिवळ्यासह) व ६०० ते ७०० चा तांबडा असे स्थूलमानाने मानतात. ७०० नॅनोमीटरच्या पलीकडील, सु. ८०० पर्यंतच्या पट्ट्याला दूर-तांबडा प्रकाश म्हणतात. मानवी डोळ्याला तो जेमतेम जाणवतो. वनस्पतीच्या दृष्टीने मात्र तो महत्त्वाचा आहे. ४०० नॅनोमीटरच्या अलीकडे जंबुपार किरण येतात.

प्रकाशसंश्लेषणात एकूण ऊर्जेपेक्षा प्रकाशकणांची (फोटॉनांची) संख्या निर्णायक असते. ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशकणाची ऊर्जा ६६० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशकणाच्या सु. दीडपट असते, परंतु दोघांकडूनही हरितद्रव्यात होणारे मूळ कार्य सारखेच असते व निळ्या कणातील जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. म्हणून वनस्पतीसाठी प्रकाश मोजताना लक्स हे एकक वापरत नाहीत, कारण ते मानवी डोळ्याच्या संवेदनक्षमतेवर आधारलेले आहे. त्याऐवजी दर चौ. मीटरवर दर सेकंदाला पडणाऱ्या प्रकाशकणांची संख्या मायक्रोमोलमध्ये देतात. भर दुपारच्या निरभ्र उन्हात हे मान सु. २,००० असते. दोन वर्णांच्या परिणामांची तुलना करताना प्रकाशकणांची संख्या समान नसेल, तर आढळणारा फरक वर्णाचा की तीव्रतेचा हे ठरविता येत नाही.

इतिहास : रंगीत प्रकाशाचा वनस्पतीवर होणारा परिणाम अभ्यासण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकात सुरू झाले. जर्मन वनस्पतिवैज्ञानिक यूलिउस फोन झाक्स यांनी १८६४ मध्ये रंगीत विद्रावांतून गाळलेला प्रकाश वापरून असे दाखविले की, प्रकाशाकडे वळण्याची रोपाची क्रिया निळ्या भागामुळे घडते. टेओडोर एंगेलमान यांनी १८८२ च्या सुमारास शैवलाच्या तंतूवर वर्णपट पाडला. ऑक्सिजनाकडे धावणारे सूक्ष्मजंतू तांबड्या व निळ्या भागांशी गोळा झाले आणि त्यावरून प्रकाशसंश्लेषणास हे दोन भाग विशेष उपयोगी असल्याचे दिसून आले.

याच काळात या विषयाला एक विचित्र वळणही लागले. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील ऑगस्टस प्लेझंटन यांनी आपल्या द्राक्षघराच्या छपरात ठराविक अंतराने निळ्या काचा बसविल्या आणि वेलींच्या जोमदार वाढीचे श्रेय निळ्या किरणांना दिले. १८७६ मध्ये त्यांनी यासंबंधीचा ग्रंथ निळ्या कागदावर निळ्या शाईने छापून प्रसिद्ध केला आणि अमेरिकेत काही काळ निळ्या काचांचे वेड पसरले. निळी काच इतर किरण अडवीत असल्यामुळे तिच्याखाली एकूण प्रकाश कमीच पडतो, ही साधी गोष्ट या दाव्यात विचारात घेतलेली नव्हती. फ्रेंच ज्योतिर्विद कामीय फ्लामार्यों यांनी १८९० नंतरच्या दशकात रंगीत काचांखाली लाजाळूची रोपे वाढविली, तेव्हा तांबड्या काचेखालील रोपे पुष्कळ उंच वाढली व निळ्या काचेखालील जवळजवळ वाढलीच नाहीत.

या विषयाला भक्कम पाया मिळाला तो सालीट (लेट्यूस) या पालेभाजीच्या बियांवरील प्रयोगांमुळे. फ्लिंट व मॅकॅलिस्टर यांनी १९३५ ते १९३७ या काळात असे दाखविले की, तांबड्या प्रकाशाने या बिया रुजतात आणि त्यापलीकडील प्रकाशाने त्यांचे रुजणे थांबते. १९५२ मध्ये अमेरिकेच्या कृषी विभागाच्या बेल्ट्सव्हिल (मेरिलँड) येथील केंद्रात बॉर्थविक, हेंड्रिक्स व त्यांचे सहकारी यांनी बियांना तांबडा व दूर-तांबडा प्रकाश आलटून पालटून दिला. कितीही वेळा अदलाबदल केली तरी रुजणे केवळ शेवटच्या प्रकाशावर अवलंबून राहते, असे त्यांना आढळले. यावरून दोन अवस्थांत पालटणारे एकच रंगद्रव्य वनस्पतीत असले पाहिजे, असे अनुमान त्यांनी काढले. १९५९ मध्ये ते रंगद्रव्य मक्याच्या रोपांत प्रत्यक्ष ओळखता आले व त्याला फायटोक्रोम हे नाव मिळाले.

प्रकाशग्राही द्रव्ये : हरितद्रव्य व कॅरोटिनॉइडे ही प्रकाशातील ऊर्जा पकडतात, फायटोक्रोमासारखी द्रव्ये प्रकाशातून माहिती घेतात. ही द्रव्ये अत्यल्प प्रमाणात असतात, परंतु रोपाची घडण त्यांच्या संकेतांवरून ठरते. प्रकाशाच्या संकेताने होणाऱ्या या घडणीला प्रकाशरूपजनन म्हणतात.

फायटोक्रोमाची एक अवस्था सु. ६६० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश शोषून क्रियाशील होते आणि क्रियाशील अवस्था सु. ७३० नॅनोमीटरचा दूर-तांबडा प्रकाश शोषून पुन्हा निष्क्रिय होते. क्रियाशील फायटोक्रोम कोशिकेच्या केंद्रकात जाऊन, वाढीला चालना देणाऱ्या काही नियामक प्रथिनांचा नाश घडवून आणतो. त्यामुळे ऑक्सिन, जिबरेलिन इ. हॉर्मोनांची लांबी वाढविणारी क्रिया आवरली जाते व खोड आखूड राहते. २०१६ मध्ये असेही सिद्ध झाले की, फायटोक्रोम-बी हा प्रकाशाप्रमाणे तापमानाचाही वेध घेतो. उष्ण रात्री तो लवकर निष्क्रिय होतो. उष्ण हवेत रोपे लांबुडकी होण्याचे हे एक कारण आहे.

निळ्या प्रकाशाचा वेध क्रिप्टोक्रोम व फोटोट्रॉपिन ही द्रव्ये घेतात. क्रिप्टोक्रोमाचे जनुक १९९३ मध्ये ॲराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुलातील लहान वनस्पतीत सापडले. खोडाची लांबी आवरणे व अँथोसायनीन हे जांभळे रंगद्रव्य बनविणे ही त्याची प्रमुख कार्ये होत. फोटोट्रॉपिनामुळे रोप प्रकाशाकडे वळते, हरितकणूंची पानातील जागा बदलते व त्वग्रंध्रे उघडतात. २८० ते ३१५ नॅनोमीटरच्या जंबुपार-बी किरणांचा वेध घेणारे स्वतंत्र प्रथिन २०११ मध्ये निश्चित झाले.

रोपांच्या वाढीवरील परिणाम : (१) तांबडा प्रकाश : प्रकाशसंश्लेषणाच्या दृष्टीने तांबडे प्रकाशकण अत्यंत कार्यक्षम आहेत. के. जे. मक्री यांनी १९७२ मध्ये २२ पिकांच्या पानांवर केलेल्या मापनांत तांबड्या भागात सर्वाधिक कार्यक्षमता आढळली. तथापि केवळ तांबड्या प्रकाशात वाढलेली रोपे निरोगी राहत नाहीत. नेदरलँड्समधील वाखेनिंगन येथे काकडीवर केलेल्या व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत शुद्ध तांबड्या प्रकाशातील पानांचे प्रकाशसंश्लेषण सदोष आढळले. त्यात केवळ ७ टक्के निळा प्रकाश मिसळताच पानांची कमाल प्रकाशसंश्लेषण क्षमता दुप्पट झाली. निळ्याचे प्रमाण ५० टक्क्यांपर्यंत वाढवीत नेल्यास ही क्षमता वाढत गेली आणि पानांचे प्रति-क्षेत्रफळ वजनही वाढले.

(२) निळा प्रकाश : तांबड्याच्या जोडीने दिलेल्या निळ्या प्रकाशाने अधराक्ष (दलिकांच्या खालील खोडाचा भाग) व कांडी आखूड राहतात, पाने लहान पण जाड होतात आणि हरितद्रव्याचे पानाच्या क्षेत्रफळाशी असलेले प्रमाण सामान्यतः वाढते. तथापि केवळ निळा प्रकाश दिल्यास काकडीसारख्या काही वनस्पतींत उलट परिणाम होऊन अधराक्ष लांबतो. शुद्ध निळ्या प्रकाशात फायटोक्रोम पुरेसा क्रियाशील राहत नाही व रोपाला जणू सावलीचा भास होतो, असे याचे स्पष्टीकरण देतात. निळा प्रकाश रोपे खुजी ठेवतो हे विधान म्हणूनच मिश्र प्रकाशापुरते खरे आहे.

(३) हिरवा प्रकाश : हिरवा प्रकाश पानांवरून परावर्तित होत असल्याने निरुपयोगी असतो, ही समजूत बरोबर नाही. पाने हिरव्या प्रकाशाचाही बराच मोठा भाग शोषतात. तांबडा व निळा प्रकाश पानाच्या वरच्या थरांतच शोषला जातो. हिरवा खोलवर पोहोचतो. त्यामुळे तीव्र पांढऱ्या प्रकाशात जादा दिलेले हिरवे प्रकाशकण जादा तांबड्या कणांपेक्षा अधिक कामी येऊ शकतात, असे जपानी शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये दाखविले. दाट पर्णसंभारात खालच्या पानांनाही त्याचा लाभ होतो.

(४) दूर-तांबडा प्रकाश : पाने तांबडा प्रकाश शोषतात व दूर-तांबडा बव्हंशी परावर्तित करतात किंवा आरपार जाऊ देतात. उघड्यावरील सूर्यप्रकाशात तांबडा व दूर-तांबडा यांचे गुणोत्तर १ पेक्षा थोडे अधिक असते. दाट पर्णछत्राखाली ते ०.१ पर्यंतही उतरते. गुणोत्तर घटले की, शेजारी वनस्पती असल्याचा संकेत रोपाला मिळतो आणि ते सावली टाळण्यासाठी उंच वाढू लागते. शेजारच्या पानांवरून परावर्तित झालेल्या प्रकाशामुळे प्रत्यक्ष सावली पडण्यापूर्वीच हा प्रतिसाद सुरू होतो. दाट पेरलेल्या वाफ्यातील किंवा वेळेवर न उचललेल्या तबकातील रोपे एकाएकी उंच होतात, त्यामागे हे कारण आहे. अशा रोपांत अन्नद्रव्ये खोडाकडे अधिक व मुळांकडे कमी वळतात.

(५) जंबुपार किरण : अल्प प्रमाणातील जंबुपार किरणांमुळे रोपांची उंची आवरली जाते आणि बाह्यत्वचेत फ्लॅव्होनॉइडे साठतात. साधी काच व पुष्कळसे प्लॅस्टिकचे कागद जंबुपार-बी किरण अडवितात. त्यामुळे आच्छादनाखाली वाढलेली रोपे एकाएकी उन्हात नेल्यास पानांवर करपल्याचे डाग पडतात.

अवर्षण-सहनशीलतेवरील परिणाम : अवर्षणात टिकून राहण्याचे मार्ग दोन प्रकारचे आहेत. पहिल्यात वनस्पती पाण्याचा खर्च आटोक्यात ठेवून किंवा खोल मुळांनी अधिक पाणी मिळवून ऊतकांतील ओलावा कायम राखते. याला निर्जलीकरण टाळणे म्हणतात. दुसऱ्यात ओलावा घटला तरी कोशिकांना इजा होऊ न देणे साधते. खऱ्या अर्थाने सहनशीलता ती हीच. प्रकाशवर्णाचे परिणाम या दोहोंवर वेगवेगळे होतात आणि ते न ओळखल्यास प्रयोगांचे निष्कर्ष परस्परविरोधी वाटतात.

त्वग्रंध्रांची उघडझाप : निळा प्रकाश पडताच रक्षक कोशिकांतील फोटोट्रॉपिने कार्यान्वित होतात, हायड्रोजन आयन बाहेर टाकले जातात, पोटॅशियम आयन आत येतात, त्यांच्यामागोमाग पाणी आत शिरते आणि कोशिका फुगून रंध्र उघडते. यासाठी मंद निळा प्रकाशही पुरतो. तांबड्या प्रकाशानेही रंध्रे उघडतात, परंतु ती क्रिया मुख्यतः प्रकाशसंश्लेषणाशी निगडित असून तिला तीव्र प्रकाश लागतो. निळ्या प्रकाशाने उघडलेली रंध्रे हिरव्या प्रकाशाने काही अंशी मिटतात, असेही आढळले आहे. म्हणजे निळ्या प्रकाशात वाढणारे रोप प्रकाश चालू असताना पाणी अधिक खर्च करते. ॲराबिडॉप्सिसवरील २००५ मधील एका अभ्यासात क्रिप्टोक्रोमे नसलेली झाडे अवर्षणात अधिक तगली आणि क्रिप्टोक्रोम जादा असलेली झाडे लवकर सुकली. याचे कारण हेच.

परंतु याची दुसरी बाजू अशी की, शुद्ध तांबड्या प्रकाशात वाढलेल्या पानांतील रंध्रांचा प्रतिसाद मंद असतो. पाण्याचा ताण पडल्यावर रंध्रे किती लवकर व किती घट्ट मिटतात यावर रोपाचे भवितव्य अवलंबून असते. म्हणून वाढीच्या काळातील पाण्याचा कमी खर्च हा पुढील सहनशीलतेचा पुरावा ठरत नाही.

त्वग्रंध्रांची संख्या व फायटोक्रोम : नवीन पानावर किती रंध्रे तयार व्हावीत, हे ठरविण्यात फायटोक्रोम-बीचा भाग असतो. ॲराबिडॉप्सिसमध्ये तीव्र प्रकाशात त्यामुळे रंध्रांची संख्या वाढते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेले दोन अभ्यास या संदर्भात उद्बोधक आहेत. भातामध्ये फायटोक्रोम-बी नसलेली झाडे अवर्षणात अधिक तगली, कारण त्यांचे पर्णक्षेत्र व रंध्रांची घनता कमी होती. ॲराबिडॉप्सिसमध्ये मात्र फायटोक्रोम-बी नसलेली झाडे अवर्षणाला लवकर बळी पडली, कारण रंध्रे मिटविणाऱ्या ॲब्सिसिक अम्ल या हॉर्मोनाला ती कमी प्रतिसाद देत होती. एकाच द्रव्याच्या अभावाचे हे दोन परिणाम पाहता एका वनस्पतीवरील निष्कर्ष दुसरीला जसाच्या तसा लागू करणे धोक्याचे ठरते.

मुळे व पर्णक्षेत्र : खोड व पाने यांच्या तुलनेत मुळांचे वजन जितके अधिक, तितके पुनर्लागणीनंतर पाणी मिळविणे सोपे जाते. दूर-तांबड्या प्रकाशाचे आधिक्य हे गुणोत्तर घटविते. तांबडा व निळा यांचा समतोल ते राखतो. जपानमध्ये तांबड्या पानांच्या सालिटावर केलेल्या व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत निळा प्रकाश अंतर्भूत असलेल्या दिव्यांखालील रोपे आटोपशीर राहिली, त्यांच्यातील पॉलिफिनॉलांचे प्रमाण वाढले आणि पुनर्लागणीनंतर त्यांची वाढ अधिक चांगली झाली. रोपावस्थेत मिळालेल्या प्रकाशाचा प्रभाव तो प्रकाश थांबल्यावरही टिकतो, हे यावरून दिसते.

संरक्षक द्रव्ये : पाणी कमी पडून रंध्रे मिटली की कार्बन डाय-ऑक्साइड आत येईनासा होतो, परंतु हरितद्रव्य प्रकाश शोषीतच राहते. ही अतिरिक्त ऊर्जा ऑक्सिजनाची विध्वंसक रूपे निर्माण करते व त्यांमुळे कोशिकांच्या पटलांना इजा होते. निळ्या व जंबुपार किरणांच्या प्रभावाखाली तयार होणारी फ्लॅव्होनॉइडे, अँथोसायनिने व इतर ऑक्सिडीकरणविरोधी द्रव्ये ही इजा कमी करतात. खऱ्या सहनशीलतेत प्रकाशवर्णाचा वाटा मुख्यतः या मार्गाने येतो.

एकंदरीत पाहता निळ्या प्रकाशामुळे रोपाचा पाण्याचा चालू खर्च वाढतो, परंतु त्याची घडण ताण सोसण्यास अनुकूल होते. दूर-तांबड्या प्रकाशाच्या आधिक्यामुळे घडणच प्रतिकूल होते. अवर्षण-सहनशीलता देणारा असा कोणताही एक रंग नाही.

प्रयोगांचे मूल्यमापन : या विषयावरील प्रयोगांत एक दोष वारंवार संभवतो. रोपांना पाणी देणे थांबवून ती किती दिवसांनी सुकतात, हे मोजणे सोपे असते. परंतु तबकाच्या लहान खाचेत माध्यम व पाणी दोन्ही मोजकेच असतात. ज्या रोपाची पाने मोठी, ते खाचेतील पाणी लवकर संपविते व लवकर सुकते. लहान रोप उशिरा सुकले तर त्यावरून ते लहान आहे एवढेच सिद्ध होते; ते अधिक सहनशील आहे असे ठरत नाही. म्हणून माध्यमातील ओलावा सर्व रोपांसाठी सारखा राखून तुलना करणे, पानांतील सापेक्ष जलांश (पूर्ण फुगलेल्या पानातील पाण्याच्या तुलनेत प्रत्यक्ष असलेले पाणी, शेकडा प्रमाणात) मोजणे आणि पुन्हा पाणी दिल्यावर किती रोपे सावरतात हे पाहणे आवश्यक असते. शेवटची कसोटी शेतातील लागणीची होय. नियंत्रित खोलीतील मंद प्रकाशातून रोप शेतात गेले की त्यावर अनेक पटींनी तीव्र ऊन, वारा व कोरडी हवा यांचा मारा होतो. खोलीत आढळलेले लहान फरक या बदलात नाहीसे होऊ शकतात.

व्यवहारातील उपयोग : (१) कृत्रिम प्रकाश : प्रकाश-उत्सर्जक डायोडांमुळे (एलईडी दिव्यांमुळे) हव्या त्या वर्णाचा प्रकाश देणे शक्य झाले. तांबडे डायोड १९६२ पासून ज्ञात होते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात तांबडे डायोड व निळ्या प्रतिदीप्त नळ्या यांच्याखाली सालीट वाढविल्याचा वृत्तांत १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रखर निळे डायोड १९९३ मध्ये बाजारात आले व ही उणीव दूर झाली. निळ्या डायोडाच्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. जपान, नेदरलँड्स इ. देशांत बंदिस्त खोल्यांत थरांवर थर रचून अशा दिव्यांखाली रोपे तयार करतात. तांबड्याचे प्रमाण अधिक, निळ्याचे सामान्यतः १० ते ३० टक्क्यांच्या दरम्यान व थोडा पांढरा किंवा हिरवा प्रकाश असे मिश्रण त्यासाठी वापरतात. पांढरा प्रकाश अंतर्भूत असल्यास पानांचा खरा रंग दिसतो व रोग-किडींची लक्षणे वेळीच लक्षात येतात, हाही एक लाभ असतो.

(२) कलमी रोपे : टोमॅटो, वांगी, कलिंगड इत्यादींची कलमे करताना खुंटाचा अधराक्ष लांब असल्यास काम सोपे होते व जोड मातीपासून वर राहतो. त्यासाठी दिवसाच्या अखेरीस थोडा वेळ दूर-तांबडा प्रकाश देऊन खुंट लांबविण्याची पद्धत आहे. एरवी टाळावयाचा परिणाम येथे हेतुपुरस्सर घडवून आणतात.

(३) रंगीत जाळ्या व आच्छादने : जाळीमुळे सर्वप्रथम प्रकाशाची तीव्रता घटते. काळी जाळी सर्व वर्ण जवळपास सारख्या प्रमाणात अडविते. रंगीत जाळ्या तीव्रतेबरोबर वर्णही बदलतात. हिरव्या जाळ्यांपैकी काही तांबडा प्रकाश अधिक अडवून दूर-तांबडा जाऊ देतात. त्यांच्याखालील रोपे लांबण्याचा संभव असतो. रंगीत जाळ्यांचा पद्धतशीर अभ्यास प्रथम इझ्राएलमध्ये झाला. अमेरिकेत दक्षिण कॅरोलायना राज्यात १९८० नंतरच्या दशकात जमिनीवर निरनिराळ्या रंगांची प्लॅस्टिकची आच्छादने अंथरून टोमॅटोवरील परिणाम अभ्यासले गेले. आच्छादनावरून परावर्तित झालेल्या प्रकाशाचा वर्ण झाडाच्या वाढीवर परिणाम करतो, असे त्यांतून दिसून आले.

महाराष्ट्रातील रोपवाटिकांत टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी इत्यादींची रोपे मुख्यतः सावलीच्या जाळीखाली, नारळाच्या काथ्याचा भुसा भरलेल्या तबकांत वाढवितात. कांद्याची रोपे बहुधा उघड्या गादी वाफ्यांवर असतात. येथे ऊन मुबलक असल्याने दिव्यांची गरज क्वचितच पडते. खरीप हंगामातील रोपांसाठी प्रश्न वेगळा असतो. ही रोपे ढगाळ हवेत, जाळीखाली व दाटीत वाढतात. प्रकाश कमी, दूर-तांबड्याचे प्रमाण अधिक आणि रात्री उष्ण अशी तिन्ही कारणे एकत्र येऊन रोपे लांबतात. पर्जन्यछायेच्या प्रदेशात लागणीनंतर पावसाचा खंड पडल्यास अशी रोपे मोठ्या प्रमाणावर मरतात. मग नांग्या भराव्या लागतात आणि बियाणे, मजुरी व हंगामाचे मोलाचे दिवस वाया जातात.

यावरील बहुतेक उपाय अल्प खर्चाचे आहेत. बी विरळ पेरणे, मोठ्या खाचांची तबके वापरणे, पानांना पाने भिडू लागताच तबके परस्परांपासून दूर मांडणे आणि रोपे वेळेवर उचलणे यांमुळे तांबडा व दूर-तांबडा यांचे गुणोत्तर आपोआप सुधारते. ढगाळ दिवशी जाळी गुंडाळून ठेवता येईल अशी सोय केल्यास तीव्रता व वर्ण दोन्ही अनुकूल होतात. जाळी निवडताना केवळ सावलीची टक्केवारी न पाहता तिचा रंगही पाहावा. शंका असल्यास काळी किंवा पांढरी जाळी अधिक सुरक्षित ठरते. लागणीपूर्वी आठवडाभर जाळी क्रमाक्रमाने काढून पाणी थोडे कमी केल्यास रोपांना निळा व जंबुपार प्रकाश पूर्ण प्रमाणात मिळतो, बाह्यत्वचा जाड होते, संरक्षक द्रव्ये साठतात व रोपे कणखर बनतात. रोपे कणखर करण्याची ही पद्धत प्रकाशग्राही द्रव्यांचा शोध लागण्याच्या कितीतरी आधीपासून प्रचारात आहे.

मर्यादा : प्रकाशवर्णाला दिलेला प्रतिसाद पीक, त्याची जात, रोपाचे वय, तापमान व प्रकाशाची तीव्रता यांनुसार बदलतो, त्यामुळे सर्व भाज्यांना लागू पडेल असे एकच प्रमाण सांगता येत नाही. चांगल्या घडणीचे रोप लागणीनंतरचे पहिले काही दिवस निभावून नेते. त्यानंतर पिकाची अवर्षण-सहनशीलता मुळांची खोली, जमिनीची जलधारणाशक्ती व जातीचे आनुवंशिक गुण यांवर ठरते. प्रकाशवर्णाचा योग्य वापर या गोष्टींची जागा घेऊ शकत नाही. पाण्याची हमी नसलेल्या शेतात रोप रुजेपर्यंतचा धोका मात्र त्यामुळे कमी होऊ शकतो.